सडा ‘पडीक’ कसा ठरतो?

मे महिन्यात मुंबईहून आलेला माझा चुलतभाऊ, आमचा दादा, एका संध्याकाळी माझ्याबरोबर सड्यावर चढला. पायाखाली काळपट लाल कातळ, मधूनमधून वणव्यात जळलेल्या गवताची ठिगळं, लांबवर एकही झाड नाही. पाच वाजून गेले होते तरी चपलेच्या तळातून चटका लागत होता. त्याने चौफेर बघितलं आणि म्हणाला, “ह्या दगडासाठी तुम्ही लोक भांडता? इथे आहे काय?”

मला राग आला नाही. मे महिन्यात सड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं काही सुचणं कठीणच. चाकरमानी गावी येतो तो शिमग्याला, मेमध्ये आणि गणपतीला. गणपतीत आरत्या आणि भजनांतून त्याला सड्यावर जायला सवड कुठली? त्यामुळे दादाचं सड्याबद्दलचं मत म्हणजे मे महिन्यातलं मत. आणि खरी गंमत अशी की सरकारी कागदाचंही सड्याबद्दलचं मत जवळजवळ मे महिन्यातलंच आहे.

माडबन, नाणार, बारसू ही राजापूरकडची नावं गेली पंधरा-वीस वर्षं बातम्यांत येत-जात राहिली. कधी अणुवीज, कधी तेलशुद्धीकरण. तिन्ही वादांत एक शब्द हमखास सापडतो: पडीक. ‘जमीन तर पडीकच आहे, मग विरोध कशाला?’ असं विचारणाऱ्या सगळ्यांच्याच मनात खोट असते असं मी म्हणणार नाही. पुष्कळांना सडा म्हणजे काय हेच माहीत नसतं. तर आधी तेच पाहू.

दगडाला चढलेला गंज

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घाटी चढून वर गेलं की शिखराऐवजी बऱ्याचदा ताटासारखी सपाटी लागते. तो सडा. त्यावरचा उघडा खडक तो कातळ, आणि हा खडक ज्या दगडाचा असतो तो जांभा. आपल्या घरांना लागणारा चिरा ह्याच जांभ्यातून काढतात.

जांभ्याच्या खाली असतो काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होऊन तो झाला. त्यावर लक्षावधी वर्षं आळीपाळीने पाऊस पडला आणि ऊन तापलं. तांदूळ धुताना पाण्याबरोबर पीठ जातं आणि दाणे मागे राहतात, तसं पाषाणातलं जे जे विरघळण्यासारखं होतं (चुना, सोडा, बरीचशी सिलिका) ते पाण्याने नेलं. लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं जागेवर राहिलं, आणि हवा-पाण्याने लोहाचा गंज झाला. जांभ्याचा तांबूस रंग हा त्या गंजाचाच रंग.

हा दगड जमिनीत असताना मऊ असतो, कापायला सोपा. उघड्यावर आला, वाळला की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या नोकरीतल्या गृहस्थांनी मलबारात हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. आपल्या गवंड्यांना ही गोष्ट त्यांच्या कितीतरी आधी ठाऊक होती, पण पुस्तक छापतो त्याचं नाव राहतं.

पाणी जातं कुठे?

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सगळा जागेवरच साचला तर दहा फूट पाणी उभं राहील. एवढं पाणी सड्यावर पडतं तेव्हा त्याचं तीन ठिकाणी जाणं होतं. थोडं खळग्यांत साचतं. पुष्कळसं वरून वाहून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला लागतं. आणि उरलेलं भेगांमधून, भोकांमधून आत उतरतं.

हे आत उतरणारं पाणी महत्त्वाचं. कातळाचा वरचा थर टणक असला तरी त्याखालचा जांभा आंबोळीसारखा असतो, आतून जाळी पडलेला. पाणी त्या जाळीतून खाली खाली जातं, आणि एका खोलीवर त्याला चिकणमाती आडवी येते. जांभा होता होता अर्धवट राहिलेल्या पाषाणाची ही माती पाण्याला सहसा वाट देत नाही. मग पाणी आडवं सरकू लागतं आणि सड्याच्या कडेला, उतारावर जिथे वाट मिळेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं.

आता आपल्या गावांची मांडणी आठवा. वाडी, विहीर, पोफळीची बाग, भाताचे मळे, सगळं सड्याच्या कडेखाली. आपल्या पूर्वजांनी भूगर्भशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण घर कुठे बांधायचं हे त्यांना कळत होतं.

आमच्या वाडीला असा एक झरा आहे. पोफळीची पन्हळ लावून त्याचं पाणी दगडी डोणीत घेतलंय. नोव्हेंबरात तिथे हंडा ठेवून पदर खोचेपर्यंत भरून वाहतो. एप्रिलअखेर मात्र तोच हंडा भरेस्तोवर दोघीजणींची घरची सगळी गाऱ्हाणी सांगून होतात आणि तिसरीची सुरू होतात. ही आमची पाणी मोजायची पट्टी.

इथे कोणी म्हणेल, सडा एवढी मोठी टाकी आहे तर मे महिन्यात टँकर का येतात? प्रश्न बरोबर आहे. सडा ही गळकी टाकी आहे. आंबोळीच्या जाळीत पाणी राहतं, पण धरणासारखं अडून राहत नाही, सतत पाझरत असतं. सडा जे करतो ते एवढंच, की जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो-धो पडलेलं पाणी तो हळूहळू, हप्त्याहप्त्याने खाली सोडतो. हप्ते मार्चपर्यंत पुरतात की मेपर्यंत, यावर वाडीचं वर्ष ठरतं. त्यात सड्यावर खोल खाण पडली किंवा सुरुंगांनी नवीन भेगा पडल्या तर पाण्याच्या जुन्या वाटा मोडतात, झरा लवकर आटू शकतो. टँकर येतात म्हणून सडा निरुपयोगी, हे म्हणजे पगार वीस तारखेला संपतो म्हणून नोकरी सोडण्यासारखं झालं.

पोटावर झोपून बघायची जागा

सड्यावरची झाडं उभ्याने दिसत नाहीत. जुलैत वर जा, एखाद्या टीचभर खोल डबक्यापाशी पोटावर आडवे व्हा. कपडे जातील, पण इलाज नाही.

पहिल्यांदा दिसतात ते गेंद. काडीच्या टोकावर पांढरं बटण लावावं तशी फुलं, शेकड्यांनी. त्यांच्या मधेमधे जांभळ्या-निळ्या नखाएवढ्या फुलांचा पट्टा, ती सीतेची आसवं. नाव करुण असलं तरी वनस्पती शिकारी आहे. हिच्या मुळाशी, ओल्या चिखलात, मोहरीहून बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म किडा पिशवीच्या दाराशी टेकला की दार उघडतं, पाण्याबरोबर किडा आत ओढला जातो आणि दार बंद. पापणी लवायच्या आत हे घडतं. शेजारीच लालसर, चिकट थेंबांनी मढलेली दवबिंदू ही दुसरी शिकारीण.

एवढ्याशा जागेत किडे खाणाऱ्या वनस्पती कशाला? कारण जांभ्यातून खत म्हणावं असं सगळं धुऊन गेलेलं आहे. जमिनीत जे मिळत नाही ते मग असं मिळवायचं. सुपीक मातीत ह्या वनस्पती टिकत नाहीत, कारण तिथे उंच, दांडगी झाडं त्यांना जगू देत नाहीत. थोडक्यात, माती नसणं हीच त्यांची सोय आहे.

डबक्याच्या पाण्यात निरखून पाहिलं तर कोळंबीच्या जातीचे पारदर्शक, नखाएवढे जीव उलटे पोहताना दिसतात. डबकं आटतं तेव्हा ते मरतात, पण त्यांची अंडी कोरड्या गाळात उन्हाळा काढतात आणि पुढच्या पावसात उबतात. दीपकाडी नावाची पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती कातळाच्या फटीत कंद जपून ठेवते आणि पहिल्या पावसांत वर येते. ती कोकणपट्टीतल्या अशा कातळांबाहेर जवळपास कुठेच आढळत नाही. मेमध्ये दादा ज्या दगडावर उभा राहून ‘इथे आहे काय’ म्हणाला, त्याच्या चपलेखालीच हे सगळं होतं, झोपलेलं.

आणि हे निव्वळ अभ्यासकांचं कौतुक नव्हे. सड्यावरचं गवत गुरांना जातं. कडेच्या उतारावरून कवळा आणि फोडशीच्या रानभाज्या येतात. सुटे दगड उलटले तर खाली पाली, बेडूक, विंचू, म्हणून दगड उलटू नयेत हे मुलांना पहिल्यांदा शिकवायचं.

कागदाची भाषा

एवढं असून सडा पडीक कसा? त्यासाठी सातबारा बघावा लागतो.

सातबाऱ्यावर जमिनीचे दोन भाग दाखवतात: लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा. पोटखराबा म्हणजे तुमच्या जमिनीच्या पोटातला असा तुकडा जिथे पीक घेता येत नाही. शब्द इंग्रजी राजवटीतल्या जमीन मोजणीपासून चालत आलाय. एकोणिसाव्या शतकात विंगेट आणि गोल्डस्मिड ह्या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात मोजणीची जी पद्धत बसवली, तीत मातीची प्रत आण्यांत ठरवत. सोळा आणे म्हणजे उत्तम. शेतसारा किती बसेल हे काढायला ती पद्धत चोख होती. तिने जमिनीला एकच प्रश्न विचारला: तू मला किती देशील? कातळाचं उत्तर शून्य. तो खराबा झाला.

कोकणात आणखी एक शब्द आहे, वरकस. नाचणी, वरी, हरीक, गवत, राबासाठी (भाताची रोपं करायची जागा भाजण्यासाठी) पाला ह्यांची ही जमीन. म्हणजे भातशेतीला टेकू देणारी जमीन. हा शब्द जास्त प्रामाणिक आहे असं मला वाटतं, कारण निदान तो सांगतो की ह्या जागेचा कशाला तरी उपयोग आहे.

स्वातंत्र्यानंतर शब्द बदलले, प्रश्न तोच राहिला. केंद्र सरकार उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं. त्यात ‘उघडा खडकाळ भाग’ हा पडीक जमिनीचा एक प्रकार म्हणून स्वतंत्र दिलेला आहे. वनखात्याच्या दृष्टीने सडा म्हणजे जंगल नव्हे, कारण झाडं नाहीत, आणि बहुतेक सडे खासगी मालकीचे. म्हणून १९८० चा वनसंवर्धन कायदा इथे सहसा लागू होत नाही. शेतीखात्यासाठी ते शेत नाही. सडा कोणाचाच नाही, म्हणजेच तो जो मागेल त्याचा.

त्यावर कळस म्हणजे ऋतू. मोठ्या प्रकल्पाला परवानगी देण्याआधी त्याचा आसपासच्या हवेवर, पाण्यावर, जीवसृष्टीवर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो. पर्यावरण आघात मूल्यांकन असं त्याचं जड नाव आहे, आपण नुसतं अहवाल म्हणू. अशा बहुतेक अहवालांसाठी एका ऋतूची माहिती गोळा करतात, आणि तो ऋतू पावसाळ्याखेरीजचा असण्याची पद्धत आहे. हवेतली धूळ-धूर मोजायला हे ठीक असेल, पाऊस असला की धूळ बसते. पण जी जागा पावसाळ्यातच जागी असते तिची नोंद हिवाळ्या-उन्हाळ्यात घेणं म्हणजे रात्रपाळीच्या कामगाराला दिवसा झोपलेला बघून आळशी ठरवणं.

कातळावरची चित्रं

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सड्यांचा आणखी एक ऐवज लोकांपुढे आला. कातळशिल्पं, म्हणजे कातळावर खोदलेल्या माणसांच्या, जनावरांच्या, माशांच्या, भौमितिक आकारांच्या आकृत्या. रत्नागिरीतल्या काही हौशी अभ्यासकांनी सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून त्या शोधल्या. आज त्यांची संख्या हजारावर गेली आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी चित्रं आहेत. काही ठिकाणी गेंडा आहे. कोकणात गेंडा! त्या काळात इथलं रान कसं होतं याचा हा पुरावा दगडानेच जपून ठेवलाय. नेमका काळ किती जुना यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही, पण अश्मयुगापर्यंत मागे जाणारे अंदाज आहेत.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ह्यांतली नऊ ठिकाणं गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि एक गोव्यातलं. बारसू हे नाव पुन्हा वाचा. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सुचवलेली जागाही बारसूच.

मग आंदोलनं सड्यासाठीच होती का?

प्रामाणिक उत्तर: नाही, निदान सुरुवातीला नाही.

माडबनला ९,९०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाची जागा ठरली तेव्हा लोकांच्या मनात होती ती किरणोत्सर्गाची भीती, मासेमारी आणि जमिनीचा मोबदला. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे पोलीस गोळीबारात एकाचा जीव गेला. नाणारला आंबा-काजूच्या बागा आणि घरं जाणार होती. मार्च २०१९ मध्ये त्या जागेची अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसूचं नाव आलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या गाड्या आल्या तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, अश्रुधूर सोडला गेला. ह्या बायकांपैकी किती जणींनी सीतेच्या आसवांचं शास्त्रीय नाव ऐकलं असेल? पण झरा कुठून येतो हे प्रत्येकीला माहीत होतं. ‘सड्याला हात लावलात तर आमचं पाणी जाईल’ हे वाक्य अभ्यासकांच्या आधी आंदोलनात बोललं गेलं. शास्त्र मागाहून आलं आणि त्या वाक्याला आधार देऊन गेलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सड्याच्या जमिनी बाहेरच्यांना विकल्या कोणी? आपल्यातल्याच लोकांनी. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, अर्धे मुंबईला, कातळातून उत्पन्न काही नाही, आणि कोणी रोख पैसे घेऊन दारात उभा. ‘पडीकच तर आहे’ हे वाक्य सह्या करताना आपल्याही तोंडी होतं.

पण घरं, आंबा आणि नोकऱ्या?

चिऱ्याशिवाय कोकणात घर नाही, हे खरं. माझं घर चिऱ्याचंच आहे. मुद्दा खाण असण्याचा नाही, कुठे आणि किती खोल ह्याचा आहे. झऱ्याच्या डोक्यावर, कातळशिल्पांच्या शेजारी किंवा पार चिकणमातीपर्यंत खणायचं आणि काम संपल्यावर खड्डा उघडा टाकायचा, ह्याला आक्षेप आहे.

आंब्याचं मात्र जरा नाजूक आहे. कातळावरचा हापूस चवीला सरस असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागलं आणि सड्यांवर सुरुंगाने खड्डे पाडून, दुसरीकडची माती आणून भरून, कलमं उभी राहिली. कित्येक घरं त्यावर सावरली. त्यांना आता ‘तुम्ही निसर्ग बिघडवला’ म्हणणं मला जमणार नाही. पण कलम हिरवं दिसतं म्हणून बाग आणि सडा एकच, असंही नाही. जेसीबी फिरलेल्या कातळावर डबकी परत येत नाहीत. उरलेल्या सड्यावर सरसकट बागा करायच्या का, एवढा प्रश्न निदान मोकळेपणाने बोलता यावा.

वृक्षारोपणाबद्दल थोडक्यात: कृपा करून सड्यावर नको. पाच जूनला उत्साहाने आकेशिया लावणारी मंडळी उघड्या माळावर जगणाऱ्या सगळ्यांना सावलीत मारतात. लावायचीच तर कडेच्या उतारावर, देवराईच्या बाजूला लावा, तिथे जागा आहे.

नोकऱ्यांवर माझ्याकडे झटपट उत्तर नाही. गावातल्या पोरांना काम पाहिजे आणि कातळशिल्पांच्या पर्यटनाने सगळ्यांचं पोट भरेल असं म्हणणारा माणूस एक तर भाबडा किंवा होमस्टेवाला. पण प्रकल्पाच्या हिशेबात सड्याची किंमत शून्य धरली तर हिशेबच चुकतो. टँकरचा खर्च, आटलेली विहीर हे आकडे त्यात आले पाहिजेत. मग होऊ दे तुलना.

कायद्यात काही सोय आहे का?

आहे, आणि ती फारशी वापरली जात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. तिने लोकजैवविविधता नोंदवही करायची, म्हणजे गावात काय उगवतं, काय राहतं, लोक ते कसं वापरतात याची नोंद. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार एखाद्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या नव्या माशासाठी २०२१ मध्ये असं झालं. तिथे हिरवंगार रान आणि देऊळ होतं, लोकांना पटवणं सोपं गेलं. कातळाचं तसं नाही.

कासचं पठार मात्र कातळच. ते २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं. आता तिथे फुलांच्या दिवसांत तिकीट काढून जावं लागतं, माणसं रांगा लावतात. तिथेही जांभाच, तिथेही गेंद आणि सीतेची आसवं. फरक असा की कास वनखात्याकडे आहे आणि आमचा सडा चाळीस नावांच्या सातबाऱ्यावर.

आमच्या पंचायतीतल्या नोंदवहीत सड्यासाठी दीड ओळ होती: ‘खडकाळ माळ. गुरे चरण्यास उपयोगी.’ कोणीतरी जानेवारीत बसून लिहिलेली. गेल्या पावसाळ्यात आम्ही चार-पाच जण ती पुन्हा लिहायला सड्यावर गेलो. छत्र्या वाऱ्याने उलट्या झाल्या, वहीची पानं भिजली, पण डबक्यापाशी आडवं होऊन मी फोनवर एक फोटो काढला. जांभळ्या फुलांचा पट्टा, मागे धुकं. जागा तीच होती जिथे दादा मेमध्ये उभा होता. काही न लिहिता तो त्याला पाठवला.

पाचच मिनिटांत उत्तर आलं: “मस्त! कास का?”